शुक्रवारच्या सल्ल्याचा फळा

मित्रांनो, इंग्लंडात लेस्टरजवळ ओड्बीला डॉक्टर पद्माकरांच्या घरी कधी आलात, तर स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी एक पांढरा फळा दिसेल. चौकट एका कोपऱ्यात उचकटलेली, पेनं ठेवायची पट्टी अर्धी तुटलेली. तोच मी. जुना आहे, पण अडगळ नाही, हे आधीच सांगून ठेवतो. घरी येणारे पाहुणे मला बघून "हा अजून ठेवलाय का?" असं हमखास विचारतात आणि मला ते लागतं.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. आत पातळ लोखंडी पत्रा, वर गुळगुळीत पांढरा लेप आणि भोवती ॲल्युमिनियमची चौकट, एवढाच माझा संसार. पंचवीस वर्षांपूर्वी डॉक्टरांनी मला बेलग्रेव्ह रोडच्या एका दुकानातून आणलं, मेथीच्या चार जुड्या आणि आट्याच्या मोठ्या पिशवीबरोबर. डॉक्टर भूलतज्ज्ञ. म्हणजे ऑपरेशनच्या आधी माणसाला झोपवायचं आणि नंतर सुखरूप उठवायचं, हे त्यांचं काम. कोणत्या दिवशी ते ऑन-कॉल आहेत ते लाल पेनाने माझ्यावर लिहिलं जाई. खाली त्यांच्या पत्नी अलकाताई दूध, कोथिंबीर आणि कौन्सिलची कचऱ्याची गाडी यायचा वार लिहीत. त्यांची लेक अक्षया माझ्यावरच 'ळ' गिरवायला शिकली. सगळे 'ळ' आडवे झोपलेले असत, पण घरात कौतुक असं की मला चार दिवस कोणी पुसलं नाही.

मग मोबाईल आले. ऑन-कॉल मोबाईलमध्ये गेले, दूध मोबाईलमध्ये गेलं आणि अक्षया केंब्रिजला शिकायला गेली. मला गॅरेजमध्ये गवत कापायच्या मशीनमागे उभं केलं. सात वर्षं मी भिंतीकडे तोंड करून काढली. कोळ्यांनी माझ्या पाठीवर वसाहत केली. रडगाणं गात नाही, पण ते दिवस आठवले की अजून वाईट वाटतं.

माझी सुटका झाली ती अक्षयामुळे. ती आता केंब्रिजलाच संशोधन करते. बाप-लेकीचं फोनवरचं बोलणं म्हणजे हवा कशी आहे, बॉयलर चालतोय का, बरं, ठेवतो. अलकाताई कपाळाला हात लावायच्या. एका उन्हाळ्यात अक्षयाने शक्कल लढवली. मराठी मंडळातल्या आठ जणांची तिने फँटसी फुटबॉलची लीग काढली आणि आठवं नाव बाबांचं घातलं, त्यांना न विचारता.

खेळ सोपा आहे. प्रीमियर लीगमधले खरे खेळाडू मैदानात खेळतात आणि आपण घरबसल्या त्यांची टीम बांधतो. पंधरा घ्यायचे, अकरा खेळवायचे, चार बेंचवर बसवायचे. आपण खेळवलेल्याने गोल केला की गुण आपले. बसवलेल्याने तिकडे कितीही पराक्रम गाजवला तरी आपल्याला भोपळा. शिवाय आमच्या लीगमध्ये एक खेळाडू एकाच घरी नांदतो. दुसऱ्याला तो हवा असेल तर अदलाबदल करावी लागते, आणि त्यासाठी लोक किती गोडगोड बोलतात म्हणून सांगू!

डॉक्टरांना आधी ऑफसाइडसुद्धा कळत नव्हतं. पण त्यांना एक गोष्ट कळत होती, दुखणं. क्लबचा मॅनेजर टीव्हीवर सांगे, "किरकोळ ताण आहे." डॉक्टर त्या खेळाडूची चाल बघत आणि म्हणत, "तीन आठवडे." आणि तीनच आठवडे लागत. मग काय, मंडळी सल्ल्यासाठी त्यांच्या मागे लागली. डॉक्टरांनी मला गॅरेजमधून काढलं, गरम पाण्याने पुसलं आणि भिंतीवर लावलं. मित्रांनो, त्या दिवशी मी नवा झालो.

दर शुक्रवारी संध्याकाळी चहा झाला की डॉक्टर माझ्यावर तीन ओळी लिहीत: घ्या, बदला, बसवा. नवा कोण उचलायचा, कोणाच्या बदल्यात कोण आणायचा आणि कोणाला बेंच दाखवायचा. मग माझा फोटो लीगच्या ग्रुपवर जाई. खेळाडूंची लांबलचक खरी नावं लिहायला माझ्यावर जागा पुरत नसे, म्हणून मंडळींनी टोपणनावं ठेवली होती. न चुकता दर सामन्यात गोल पोचवणारा तो पोस्टमन. वारा लागला तरी आडवा होणारा तो नाजूकराव. आणि महागडा, रुसका, मोठ्या सामन्यातच उगवणारा तो जावईबापू. डॉक्टर जगाला शहाणपण शिकवत, पण स्वतःच्या टीममधल्या जावईबापूंना बसवणं त्यांच्या जिवावर येई. त्यामुळे सल्ला पहिल्या नंबरचा आणि टीम कायम सहाव्या नंबरवर. अक्षया त्यावरून त्यांना भरपूर चिडवायची. शुक्रवारचा फोन आता पाऊण तास चालायचा आणि बॉयलरचं नावही निघत नसे.

आता त्या आनंदातला खडा सांगतो. डॉक्टरांचा स्वतःचा उजवा गुडघा पार झिजला होता. माझ्यासमोर दार आहे आणि दारातून जिना दिसतो. सहासष्ट वर्षांचा हा माणूस रोज सकाळी कठडा धरून, आडवा होऊन, एकेक पायरी उतरे आणि खाली आला की शिट्टी वाजवत किटली लावे. गुडघा बदलायचं ठरलं होतं. मार्चची तारीख मिळाली, त्यांनी ती पुढे ढकलली. जुलैची मिळाली, तीही ढकलली. कारण काय, तर त्यांच्या डिपार्टमेंटला माणसं कमी आहेत आणि त्यांच्यावाचून अडेल. मग नोव्हेंबरची एकवीस आली. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं, ठरलेल्या शुक्रवारपर्यंत होकार कळवा. या वेळीही नाही म्हटलं की नाव यादीतून जाणार आणि रांग पुन्हा पहिल्यापासून लागणार होती.

अलकाताईंनी माझ्या वरच्या कोपऱ्यात निळ्या पेनाने लिहिलं: 'गुडघा, २१.' दुसऱ्या दिवशी अक्षरं गायब. त्यांना वाटलं, आपलाच हात लागला असेल. पुन्हा लिहिलं, पुन्हा गायब. कोण पुसतं ते फक्त मला ठाऊक होतं. चहा ओतता ओतता डॉक्टर इकडेतिकडे बघत आणि अंगठ्याने मला हळूच पुसून टाकत. मित्रांनो, मला बोलता येत असतं तर मी तिथल्या तिथे त्यांचं भांडं फोडलं असतं.

तिसऱ्यांदा पुसताना अलकाताईंनी त्यांना पकडलं. त्या ओरडल्या नाहीत. नुसत्या विचारत्या झाल्या, अहो, भीती कसली वाटते? दुसऱ्यांना झोपवायला घाबरत नाही आणि स्वतः झोपायला घाबरता? डॉक्टरांनी कप विसळायला घेतला. मग मागे न वळता म्हणाले,

"झोपायची भीती नाही गं. या वयात एकदा बसवलं, की परत कोण खेळवतं?"

अलकाताईंनी निळं पेन परत पट्टीवर ठेवलं.

मधल्या काळात एक घोटाळा होऊन बसला होता. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सल्ला लिहिता लिहिता लाल पेन संपलं. डॉक्टरांनी सवयीने जॅकेटच्या खिशात हात घातला आणि दवाखान्यात डब्यांवर नावं घालायचं पेन काढलं. त्याची शाई पक्की. त्यांनी जोरात लिहिलं, 'बसवा: पोस्टमन. गुडघा दुखतोय, लपवतोय.' लिहून झाल्यावर पुसून बघतात तर अक्षर ढिम्म हलेना. मी हादरलो. पांढऱ्या फळ्याला पक्की शाई म्हणजे जन्माचा डाग.

पोस्टमन होता अक्षयाच्या टीममध्ये. बापाचं ऐकून तिने त्याला लीगमधल्याच, ब्रॅकनेलला राहणाऱ्या अंबरीशला देऊन टाकला. हा अंबरीश पुण्याहून आलेला, सॉफ्टवेअरमधला, मोठा बोलघेवडा मुलगा. त्याने सल्ला धाब्यावर बसवून पोस्टमनला लगेच खेळवलं. आणि शनिवारी पोस्टमनने ठोकले दोन गोल! ग्रुपवर डॉक्टरांची अशी खेचली की विचारू नका. काका, आता हृदयरोगाचाही सल्ला द्या, असं अंबरीशने लिहिलं. अक्षया तर दोन दिवस फुरंगटून बसली. अलकाताईंनी माझ्यावरचा डाग घासायला काथ्या उचलला, तेव्हा डॉक्टरांनी त्यांचा हात धरला. दोन गोल जगाला दिसले, पण सामना संपल्यावर तो डाव्या पायावर भार टाकून चालत होता ते कोणी पाहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं. सल्ला खरा ठरेपर्यंत राहू दे म्हणाले. राहिला.

तीन आठवड्यांनी, नोव्हेंबरच्या पहिल्याच शनिवारी, पोस्टमन धावता धावता खाली बसला आणि उठला नाही. त्याला स्ट्रेचरवरून नेलं. आता वसंत ऋतूपर्यंत तो खेळणार नाही अशी बातमी आली. अंबरीशची टीम तोंडावर आपटली.

पुढच्या शुक्रवारी तो कामानिमित्त लेस्टरला आला आणि मिठाईचा बॉक्स घेऊन घरी हजर झाला. काकांची माफी मागायला आलोय म्हणाला. हाच तो शुक्रवार, ज्या दिवशी पाचच्या आत गुडघ्याचा होकार कळवायचा होता. घड्याळात चार वाजले होते. अलकाताई मुकाट्याने चहा गाळत होत्या. फोन करा असं त्यांनी सकाळपासून तीनदा सांगून पाहिलं होतं आणि हात टेकले होते.

डॉक्टर मात्र स्वारीवर निघालेल्या सरदारासारखे माझ्यापुढे उभे. अंबरीशला माझ्यावरची पक्की ओळ दाखवत त्यांनी भाषण ठोकलं. दुखतंय तरी खेळत राहतो तो शूर, असं लोकांना वाटतं. अरे, सहा आठवडे बसला असता तर पुढची पाच वर्षं खेळला असता. आणि तो बसल्याने टीम बुडाली नसती, बदली खेळाडू असतो कशाला? हे सगळं बोलताना त्यांनी उजव्या हाताने ओटा घट्ट धरला होता, कारण गुडघ्यावर उभं राहवत नव्हतं.

अलकाताईंनी गाळणं खाली ठेवलं. खुर्चीवर टाकलेल्या जॅकेटच्या खिशातून त्यांनी तेच पेन काढलं. पोस्टमनच्या ओळीखाली, ठळक अक्षरात, त्यांनी सावकाश लिहिलं:

'बसवा: पद्माकर. उजवा गुडघा दुखतोय, लपवतोय. २१ तारखेपासून.'

माझा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. अंबरीशचा फोन तिथेच वाजला, पण त्याने बघितलं नाही. तो मिठाईच्या बॉक्सची दोरी सोडवत राहिला, इतका वेळ, की जणू ती पहिल्यांदाच बघतोय.

डॉक्टर पुढे आले. सवयीने अंगठा टेकवला आणि माझ्यावरून फिरवला. अक्षर हललं नाही. पुन्हा फिरवला. तेवढ्यात त्यांचाही फोन वाजला. अक्षया. अलकाताईंनी स्पीकर लावला.

"बाबा, मी बघितला फोटो," ती म्हणाली. तिची मराठी घाईत नेहमी अडखळते. "डॉक्टरचा सल्ला आहे, ऐकायला पाहिजे. सहा वीक मी घरून काम करते, ओड्बीमधून. मी तुमची बदली. पण मग परत खेळायचं, ओके? मी तुम्हाला ट्रेड नाही करणार."

डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला, पुन्हा पुसला आणि मग पत्रावरचा नंबर वाचून दाखवायला अंबरीशला सांगितलं. पाचला वीस मिनिटं असताना होकार गेला. अलकाताईंनी चहा पुन्हा गरम केला आणि सगळ्यांनी दोन-दोन काजूकतल्या खाल्ल्या.

ऑपरेशन नीट झालं. डॉक्टर सहा आठवडे पाय स्टुलावर ठेवून माझ्यासमोर बसत. शुक्रवारी ते सांगत आणि अक्षया माझ्यावर लिही. तिचा 'ळ' आता उभा राहतो, फक्त थोडा कलतो. डिपार्टमेंटहून कार्ड आलं की काळजी करू नका, सगळं सुरळीत चाललंय. ते वाचून डॉक्टर एक दुपार रुसले. 'सुरळीत' हा शब्द त्यांना झोंबला. संध्याकाळी अक्षयाने पुरणपोळ्या केल्या, जाड आणि फाटक्या. त्यांनी तीन खाल्ल्या आणि रुसवा गेला. मार्चपासून ते आठवड्यातून दोन दिवस कामावर जातात. जिना सरळ उतरतात, शिट्टी आता वरच्या पायरीपासूनच वाजवत उतरतात. जावईबापूंनाही त्यांनी अखेर एका शुक्रवारी बसवलं. त्याच दिवशी जावईबापूंनी गोल केला, ते सोडा.

मित्रांनो, माझ्यासारख्या फळ्यांची काळजी घ्या. योग्य पेन वापरा, कोरड्या फडक्याने पुसा आणि गॅरेजमध्ये भिंतीकडे तोंड करून ठेवू नका. आणि तुमच्या घरात कोणी 'दुखतंय' असं कुठे लिहिलं, तर ते पुसू नका. स्वतःचं असलं तरी पुसू नका. मी सात वर्षं अंधारात काढली आहेत, म्हणून सांगतो. बसलेल्याला परत आणणारी माणसं घरात असली, तर बसण्यात काही कमीपणा नसतो.

त्या दोन ओळी अजून माझ्यावर आहेत. पाहुणे विचारतात, हा डाग जात नाही का? डॉक्टर खांदे उडवतात, पक्की शाई आहे म्हणतात. पण फ्रिजवरच्या प्रथमोपचाराच्या डब्यात स्पिरिटची बाटली आहे आणि स्पिरिटच्या एका बोळ्याने ही शाई क्षणात निघते. चाळीस वर्षं हातात तोच बोळा धरलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं तुम्हाला वाटतं का?