नऊ नंबरचा चौकोन

नात पावणेतीन महिन्यांची झाली होती आणि मी तिला अजून उघड्या हातांनी घेतलं नव्हतं.

मुलगी बाळाला घेऊन राहायला आली त्या पहिल्याच दिवशी मी हौसेने उचलायला गेलो. माझा तळवा बाळाच्या लोकरीच्या झबल्यात अडकला. बोटांच्या भेगांत धागा शिरला, मी दचकून हात मागे घेतला, तर छातीवरचं विणलेलं अर्धं फूल उसवून माझ्याबरोबर आलं. गालावर एक लाल रेघ उमटली ती वेगळीच. बाळ रडलं. मुलीने त्याला उचलून सरळ आतल्या खोलीत नेलं, आणि ते मला जास्त लागलं. त्यानंतर बाळ माझ्याकडे उशीवरून यायला लागलं, ट्रेमधून चहा यावा तसं. मी उशी धरायची, मालाला हात लावायचा नाही.

"हात आहेत की पॉलिश पेपर?" बायको म्हणाली. "कितव्या नंबरचा तेवढं तुम्हीच सांगा."

ऐंशी नंबरचा. जुन्या दाराचा रंग उतरवायला घेतात तो.

मी रंगारी आहे. बेचाळीस वर्षं लोकांच्या भिंती, दारं आणि खिडक्या रंगवल्या. चुन्याने, भिंतीच्या भेगा बुजवायच्या लांबीने आणि तेलरंगाने हात असे होतातच. बायकोने त्यांच्याबद्दल कधी तक्रार केली नव्हती. बाकीच्या तक्रारींतून तिला सवड मिळाली नसेल. पण जावई महिनाअखेरीला दोघींना न्यायला येणार होता. हातात तेवीस दिवस होते. पुढची भेट एकदम वर्षाने, आणि तोवर पोरगी पायांवर धावायला लागली असती. मग आजोबाच्या हातात कोण येतंय?

मी एकदा उशीवरून हळूच करंगळी पुढे केली. मुलगी दारातून म्हणाली, "बाबा."

तेवढंच. मी करंगळी मागे घेतली.

ही बातमी शेजारच्या वहिनींना कुणी सांगितली, ते मला ठाऊक नाही. बायको म्हणते, मी नाही सांगितलं, म्हणजे तिनेच सांगितलं. वहिनी क्रीमं विकतात. आमच्या जिन्यातल्या प्रत्येक घरात त्यांची एक तरी बाटली आहे. डोळ्यांच्या वर लावायचं वेगळं, खाली लावायचं वेगळं. त्या आल्या, माझा हात हातात घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "भाऊजी, तुमची त्वचा तहानलेली आहे."

"मग पाणी पाजा," बायको म्हणाली.

"ताई, चेष्टा नको. हे दिवसाचं, हे रात्रीचं, हे दिवसाच्या आधीचं. यात फुलांचा अर्क आहे, यात समुद्रातलं काहीतरी आहे. आणि ही पांढरी डबी माझ्याकडून अशीच, भेट. साधीच आहे, टाचांना लावा."

भेटीसकट आठ नग झाले. औषधाच्या दुकानातल्या माणसाने माझे हात काचेपलीकडून पाहिले होते आणि दोन ट्यूब दिल्या होत्या. एक संपली की दुसरी, की दोन्ही एकदम, ते त्यालाही सांगता आलं नाही. शिवाय बायकोने दही, मध आणि कसलंसं पीठ कालवून एक लेप केला. तो वाटीतच इतका वाळला की मला वाटलं, भिंतीची भोकं बुजवायला झकास.

झाले अकरा. आता यातलं लावायचं काय?

इथे मला माझा धंदा आठवला. नवा रंग सगळ्या भिंतीला कधी फासायचा नसतो. कोपऱ्यात लहान लहान चौकोन रंगवायचे, नंबर टाकायचे आणि दोन दिवस बघत राहायचं. आणि एक चौकोन जुन्या भिंतीचा तसाच सोडायचा. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, आधीचंच बरं होतं की.

तळव्यांना भेगा होत्या, म्हणून मी कोपरापासून मनगटापर्यंतची आतली जागा निवडली. टपालाच्या तिकिटाएवढे चौकोन आखले, डाव्या हातावर सहा, उजव्यावर सहा. बॉलपेनने नंबर टाकले. मग दोनशेवीस नंबरच्या बारीक पॉलिश पेपरने हलकं हलकं घासून घेतलं. पृष्ठभाग घासल्याशिवाय कुठलाच रंग धरत नाही, हे पोरासोरांनाही कळतं. अर्ध्या इंची ब्रशने पहिला हात मारला, वाळू दिला, दुसरा मारला. नववा चौकोन तेवढा कोरा ठेवला. त्याला घासलंही नाही.

दोन दिवसांनी सकाळी बाह्या वर केल्या, तर दोन्ही हात म्हणजे रंगाच्या कंपनीचं शेड कार्ड. एक नंबर गुलाबी, तीन नंबर विटकरी, चारला फोड आलेले. सातला तर अशी खाज की मी दाराच्या चौकटीवर हात घासत उभा होतो. बायकोचा लेप अकराव्या चौकोनात होता. तो निघताना खालचं थोडं काही सोबत घेऊन निघाला. सहा जरा तांबूस होता, पण शांत. आणि नऊ कसा, तर स्वच्छ, सपाट, नुकत्याच धुतलेल्या बशीसारखा.

निकाल बघायला येऊन बसलेल्या वहिनी खुर्चीतून उठल्याच. "बघा! नऊ बघा! हे माझं रात्रीचं क्रीम. मी ओळखते ना."

"काय ओळखता?" बायको म्हणाली. "हा माझा लेप. नुसता तुकतुकीतपणा बघा."

"अगं, तो नऊ..." मी म्हणालो.

"तुम्ही मध्ये बोलू नका. ताई, लेपाने असा उजाळा येत नाही."

"माझ्या आईच्या चेहऱ्यावर होता, शेवटपर्यंत होता."

"ऐका तर, त्या नऊला..."

"भाऊजी, तुमचा हात तुमच्याकडे ठेवा, आम्हाला नीट बघू द्या," वहिनी म्हणाल्या आणि माझा हात स्वतःकडे ओढून घेतला.

तेवढ्यात मुलगी बाळाला खांद्यावर घेऊन आली. तिने माझे हात बघितले. तिचा चेहरा लाल झाला, मग तिने बाळाला दुसऱ्या खांद्यावर, माझ्यापासून लांबच्या खांद्यावर घेतलं. "बाबा, आज त्वचेच्या डॉक्टरकडे जायचं. जे जे लावलंत ते सगळं पिशवीत भरून न्यायचं. आई, तू बरोबर जा."

"मीही येते," वहिनी म्हणाल्या. "माझ्या मालाचा प्रश्न आहे."

डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. मी पिशवी टेबलावर उपडी केली. बाटल्या, डब्या, ट्यूब आणि कागदात गुंडाळलेला लेपाचा खडा. डॉक्टर बाईंनी खडा बोटाने ढकलून बाजूला केला. मग माझे दोन्ही हात दिव्याखाली घेतले आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"हे चौकोन कुणी काढले?"

"मीच."

"काका, औषधं तपासायला आम्हीही असंच करतो. पण इतकं लाल? लावण्याआधी काही केलंत का?"

"घासलं."

"कशाने?"

"पॉलिश पेपरने. दोनशेवीसच्या. बारीक असतो तो."

डॉक्टर बाईंनी पेन खाली ठेवलं. बायकोने कपाळाला हात लावला. बाईंनी पेन पुन्हा उचललं, ओठ दाबून धरले आणि विचारलं, "आणि हा नऊ? सगळ्यांत छान आहे. यात काय होतं?"

"माझं रात्रीचं क्रीम," वहिनी म्हणाल्या.

"लेप," बायको म्हणाली.

"नऊला काहीच नाही," मी म्हणालो. नऊबद्दलचं माझं वाक्य सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण झालं. "तो कोरा आहे. तुलना करायला ठेवला."



"मग घरी का नाही बोललात?" बायको.

"तू बोलू दिलंस?"

डॉक्टर बाई एकेक वस्तू उचलून मागची बारीक अक्षरं वाचायला लागल्या. यात सुगंध, यात सुगंध, यात रंग, हे चेहऱ्याचं, हे तर केसांचं आहे. वहिनी म्हणाल्या, केसांचं चुकून आलं. मी बसल्या बसल्या बाईंच्या पाठीमागची भिंत बघत होतो. सवय जात नाही. रंगाला फोड आले होते, खालच्या बाजूला पापुद्रे सुटले होते.

"तुमच्या भिंतीला आजार आहे," मी म्हणालो.

"विचारू नका. वर्षात तिसऱ्यांदा रंगवली. प्रत्येक वेळी आधीपेक्षा भारी रंग."

"रंगाचा काय दोष? मागच्या बाजूला नळ गळत असणार. आत ओल आहे. ओल चालू आहे तोवर वरून सोनं लावा, गळून पडेल. आधी गळती बंद करायची. मग काही न लावता वाळू द्यायची. मग..."

मी थांबलो.

"बोला ना," बायको म्हणाली. "पुढं बोला. छान चाललं होतं."

डॉक्टर बाई हसल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काका, कामावरून आल्यावर हात कशाने धुता?"

"थिनरने."

"रोज?"

"रंग असेल त्या दिवशी. म्हणजे रोज."

"किती वर्षं?"

"बेचाळीस," हे बायकोने सांगितलं. "मी मोजलीत. वासाने मोजलीत."

बाईंनी लिहून दिलं, ते इतकंच. थिनर बंद. रंग लागला तर खायच्या तेलाने पुसून सौम्य साबणाने धुवायचा. कामावर हातमोजे. लाल जागी आणि भेगांवर एक मलम, दहाच दिवस, दिवसातून दोनदा. आणि हात धुतले की प्रत्येक वेळी काहीतरी साधं, बिनवासाचं. टेबलावरच्या ढिगातून त्यांनी पांढरी डबी उचलली. सहा नंबरची. "हे चालेल. बाकीचं कुणाला देऊ नका."

"बघा!" वहिनी ताठ बसल्या. "शेवटी माझंच निघालं."

"टाचांचं," बायको म्हणाली.

मी उठताना विचारलं, "बाई, दोन हात मारायचे की तीन?"

"एकच, पातळ. आणि घासायचं नाही, काका. काहीच घासायचं नाही."

पुढचे दिवस मी आयुष्यातलं सगळ्यांत अवघड काम केलं, म्हणजे काही न करण्याचं. जाड थर लावावासा वाटायचा, आवरायचो. कामावरचा दुसरा रंगारी मला हातमोजे घातलेलं बघून म्हणाला, कुणाचं ऑपरेशन आहे? सहाव्या दिवशी एका गिऱ्हाइकाकडे थिनरचा डबा उघडा दिसला आणि हात आपोआप तिकडे गेला. मी तो झाकण लावून शिडीच्या वरच्या पायरीवर ठेवून दिला. रात्री बायको स्वतः माझ्या हातांना सुती मोजे चढवायची आणि म्हणायची, "झोपा, राजेसाहेब."

बाविसाव्या दिवशी जावई आला. सामान बांधून दाराशी ठेवलं होतं. मी हात धुतले, टिपले, डबीतलं लावलं आणि मुलीसमोर पुढे केले. तिने गळ्यातला रेशमी रुमाल काढला आणि माझ्या तळव्यांवरून ओढला. सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका जागी, अंगठ्याच्या मुळाशी, तो जरासा थबकला. रुमाल पुढे सरकला.

मुलीने उशी कोचावर टाकली.

बाळ हातात आलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते इतकं गरम असतं. उशीतून ते कळत नाही. नातीने माझ्याकडे बघितलं, मग माझा अंगठा मुठीत धरला आणि त्याचं नीट निरीक्षण केलं. नखाच्या कडेला पांढरा रंग अजून होता, तो काही जायचा नाही. तिला तो चालला असावा. ती झोपली.

पाऊण तास गेला. जावई घड्याळाकडे बघून खाकरला. "बाबा, निघायला हवं..."

"बसा हो जरा," बायको म्हणाली. "बेचाळीस वर्षांत या माणसाने एवढं हळू काम एकदाच केलंय. होऊ द्या पूर्ण."