खडकानंतरचे अठरा दिवस

मी बेटावर जाणारी बोट. बोटीने गुमान माणसांची ने-आण करावी हे खरं. पण मनात किंतु ठेवून किती दिवस पाणी कापणार? म्हणून आज बोलतेय.

माझा जन्म नदीच्या मुखाजवळच्या एका कारखान्यातला. माझा तळ जोडणारा वेल्डर प्रत्येक सांधा हातोडीने ठोकायचा आणि कान लावून ऐकायचा. "बाई, तुझ्या भरवशावर माणसं बसणार आहेत," म्हणायचा. त्याची ती खोड मलाही लागली. कुणी कितीही गोड बोललं, तरी मी मनातल्या मनात ठोकून बघते.

सव्वीस वर्षं झाली. बेटावरच्या नव्या सुना मी आणल्या, अडलेल्या बाळंतिणी पैलतीरी पोचवल्या, आणि त्याच बाळांना पुढे कॉलेजला नेलं. आता ती माझ्याकडे पाठ करून मोबाइल बघतात. असो.

त्यातली सोळा वर्षं माझं सुकाणू एकाच कप्तानाच्या हातात होतं. डोळे मिटून विसंबावं असा माणूस. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी धुकं होतं, त्यात निघायला उशीर झालेला. त्याने नेहमीचा वळसा सोडून आडवाट धरली आणि माझं पोट खडकाला घासलं.

"लाट होती, लाट!" तो प्रवाशांना म्हणाला.

लाट कधी अशी करकरते होय?

शेवटची फेरी झाल्यावर तो आणि इंजिनचा मिस्त्री खाली उतरले. माझ्या तळाला पडलेल्या चिरेवर सिमेंट थापलं. मिस्त्री चाचरत म्हणाला, "साहेब, वर कळवायला हवं."

"निवृत्तीला पाच महिने राहिलेत माझ्या. तोंडाला कुलूप लाव."

तेव्हापासून माझा त्याच्यावरचा विश्वास उडाला. तो शीळ घालेनासा झाला. लाट आली की समोर बघायचं सोडून पायाखाली बघायचा. सोळा वर्षांत कधी लाइफ जॅकेटला हात न लावलेला माणूस. आता ते सुकाणूजवळच टांगलेलं असायचं. प्रवाशांशी मात्र पूर्वीपेक्षा जास्त हसायचा. मला ते हसणंच खुपायचं.

त्याची मुलगी पैलतीरावरच्या दवाखान्यात नर्स. हात मोडल्यामुळे तीन आठवडे घरीच होती. खडकानंतर एकोणिसाव्या दिवशी ती कामावर निघाली, तर कप्तान धक्क्यावर आडवा आला.

"आज नको जाऊस. अजून रजा टाक."

"का?"

"हवा बरी नाही."

ऊन लख्ख पडलेलं. तिने बापाकडे पाहिलं, मग त्या जॅकेटकडे. मिस्त्रीला विचारलं, तर तो खालच्या शिडीकडे बघत हात पुसत राहिला. ती सरळ शिडीने माझ्या पोटात उतरली. सिमेंटच्या कडेने पाणी झिरपत होतं.

वर येऊन तिने आरडाओरडा केला नाही. साठेक प्रवाशांत, पहिल्या बाकावर जाऊन बसली.

"सोडा बोट, बाबा."

"तू उतर आधी."

"का? मी एकटीच?"

त्याने बाकांवरून एकदा नजर फिरवली. मग त्याने इंजिन बंद केलं.

"सगळे उतरा," तो म्हणाला. "बोट फुटलीय. खडकावर मीच घातली होती."

आता माझ्या पोटाला नवा पत्रा आहे आणि सुकाणूवर नवा कप्तान. जुना धक्क्यावर येऊन बसतो. कुणी म्हणतं, "शेवटी खरं बोलला ना बिचारा!" मलाही त्याला माफ करावंसं वाटतं. पण त्याआधी अठरा दिवस रोज साठ माणसं माझ्या फुटक्या पोटावर बसली होती. तीही कुणाची ना कुणाची लेकरंच नव्हती का? तेवढं त्याला एकदा विचारा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे.