मालास्पीगींचं नाक

मोंताल्चिनोच्या टेकडीवर मालास्पीगींच्या जेवणघरात सात पूर्वजांची सात चित्रं टांगलेली आहेत. चित्रकारांनी बिदागीच्या आशेने प्रत्येकाचं वाइन पारखणारं नाक जरा लांबच काढलंय. या घरात बाटली उघडली की कर्त्या पुरुषाने मत दिल्याशिवाय इतरांनी ब्रही काढायचा नाही, अशी रीत. सध्याचे कर्ते ओत्तोरीनो. दोन वर्षांपूर्वी तापात त्यांची वास घेण्याची शक्ती गेली, ती परत आलीच नाही. घराण्याची नामांकित लाल वाइन आणि विहिरीचं पाणी यांत त्यांना आता रंगाचाच काय तो फरक कळे.

ही गोष्ट त्यांनी पाद्रीबुवांनाही सांगितली नव्हती. मुलगी एर्सीलिया जेवताना त्यांच्या डावीकडे बसे. पेला हुंगल्यावर वाइन चांगली असली की तिची भुवई किंचित वर जाई. तेवढ्यावर बिचाऱ्यांचं निभत होतं.

आज सकाळी मात्र त्यांनी जाहीर केलं, की आपल्यामागे तळघराची किल्ली लापोकडे जाईल. लापो म्हणजे त्यांचा मुलगा. तो मिलानमध्ये राहतो आणि वाइनमध्ये बर्फ घालतो.

"पण मुलगा आहे," ओत्तोरीनो म्हणाले.

एर्सीलिया रानडुकराचा रस्सा ढवळत राहिली.

दुपारी झुरिकचे वाइनचे व्यापारी श्टुकी जेवायला आले. लापोही मिलानहून आलेला होता. बाटली उघडली. ओत्तोरीनोंनी पेला फिरवला, हुंगला आणि हळूच डावीकडे पाहिलं. भुवई जागची हलेना. पोरगी रुसलीय, की वाइनच बिघडलीय? सगळे तर त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"रानफुलं," ते म्हणाले. "जुनं चामडं. आणि आमच्या आजोबांचा तंबाखू."

"अगदी, बाब्बो!" लापो बापाला म्हणाला. "आजोबा समोर बसून ओढताहेत असं वाटतंय!"

श्टुकींनी पेला नाकाशी नेला आणि चेहरा आंबट केला. मग त्यांची नजर भिंतीवरच्या सात नाकांवर गेली.

"चामडं," ते म्हणाले. "फार उंची चामडं."

एर्सीलियाने पेला खाली ठेवला. "बाब्बो, बूच खराब निघालंय. ओल्या गोणपाटाचा वास मारतोय."

ओत्तोरीनोंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सात पिढ्यांनी कमावलेलं नाव त्यांच्या हातून, तेही पाहुण्यासमोर मातीत गेलं होतं.

तेवढ्यात एर्सीलिया खळखळून हसली. "झालं ना मनासारखं? श्टुकीसाहेब, राग मानू नका हं. नासकी बाटली उघडून पाहुण्यांची परीक्षा घ्यायची, ही बाब्बोंची जुनी खोड आहे."

"मला संशय आलाच होता!" श्टुकी म्हणाले.

"मी तर तळघरातच ओळखलं होतं," लापो म्हणाला. थंडी वाजते म्हणून तो आयुष्यात तळघरात उतरला नव्हता.

सगळे हसले. ओत्तोरीनोही हसले, पण टेबलाखाली एर्सीलियाचा तळहात त्यांच्यापुढे पसरलेला होता. त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त त्या पोरीबद्दल माया दाटून आली. त्यांनी मुकाट्याने कमरेची तळघराची किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"तुला कधीपासून ठाऊक होतं?" ते कुजबुजले.

"तुम्ही करपलेला रस्सा वाखाणलात तेव्हापासून. तुमच्यापायी भुवई उचलून उचलून कपाळ दुखायला लागलंय माझं."

दुसरी बाटली आली. पेले भरले, सगळे पुन्हा कर्त्यांच्या तोंडाकडे बघू लागले. ओत्तोरीनोंनी पेला नाकाशी नेण्याचं सोंगही केलं नाही, सरळ डावीकडे वळून पाहिलं.

एर्सीलियाने आधी किल्ली खिशात टाकली, मग पेला हुंगून भुवई उचलली.