गवंड्याच्या गच्चीचा कठडा

शहरातल्या निम्म्या गच्च्यांना ज्याने कठडे बांधले, त्या गवंड्याच्या स्वतःच्या गच्चीला कठडा नव्हता. परसात विटा दोन वर्षं रचून ठेवलेल्या; त्यांच्यावर शेवाळ धरलं होतं. सांगून सांगून बायकोच्या तोंडाला फेस आला, पण विटा काही हलल्या नाहीत.

तिला काळजी होती ती त्यांच्याकडेच राहणाऱ्या तिच्या आईची. मायलेकी लॉजच्या चादरी धुऊन द्यायच्या. धुणं लेकीचं, वर जाऊन वाळत घालणं आईचं. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि चादर झटकताना दोन पावलं मागे सरायची जन्माची खोड. परसात लेक हातातलं धुणं टाकून वर बघत राहायची. आईला नुसतं बस म्हणावं, तर ती बसणारी नव्हे. जावयाचं फुकट खाणार नाही, हा तिचा हेका.

आणि जावयाला वेळ कुठला? दोन वर्षांपूर्वी त्याच्या मनाने घेतलं, की मशीहा स्वतः मोशेने ज्यूंना घालून दिलेले नियम पाळत होता, तर त्याच्या माणसांनीही ते पाळायला हवेत. बरं, पाळा. बायकोचं काही म्हणणं नव्हतं. पण शुक्रवारी सूर्य बुडाला की शनिवारी बुडेपर्यंत हा गृहस्थ इकडची काडी तिकडे करायचा नाही, आणि उरलेले सहा दिवस लोकांच्या गच्च्यांवर. घरातून डुकराचं मांस गेलं, त्यापाठोपाठ ते ज्यांत शिजायचं ती तिची दोन चांगली पातेलीही गेली. सदऱ्याच्या चार कोपऱ्यांना निळ्या धाग्याचे गोंडे हवेत, तेही तिनेच शिवले. एक गोंडा बोटभर आखूड निघाला, तर पठ्ठ्याने उसवायला लावला. बोटभर धागा दिसणाऱ्या या माणसाला दोन मजले उंच उघडी कड दिसत नव्हती, याचा तिला मनस्वी राग होता.

मागच्या शनिवारी आईची टाच कडेवरून घसरली. दोरी हाताला लागली म्हणून वाचली. लेक धावत नवऱ्याकडे गेली. तो पुस्तक मिटून म्हणाला, "आज शब्बाथ आहे, विसाव्याचा दिवस. कामाचं बोलणंसुद्धा नको."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्या दिवसापासून, तो कामावर गेला की, तिने त्याचंच धर्मपुस्तक वाचायला घेतलं. भक्ती वगैरे काही नाही. पोलीस घराची झडती घेतात तसं वाचलं. पाचव्या दिवशी हवं ते सापडलं. त्या पानात तिने गोंड्यांतून उरलेला निळा धागा घातला आणि शनिवारची वाट पाहिली.

शनिवारी दुपारी त्याच्यासारखेच नियम पाळणारी नेहमीची सहा माणसं पुढच्या खोलीत जमली. आठवड्यात कोणती आज्ञा पाळली आणि मनाला काय वाटलं, हे प्रत्येकाने सांगायचं. निवृत्त झालेले एक मास्तर त्यांचे म्होरके. गवंड्याची पाळी आली.

"लोक म्हणतात, नियमांचं ओझं होतं," तो म्हणाला. "मला तर हलकं वाटतं. अगदी लहानसहान आज्ञासुद्धा मी सोडत नाही."

"एक सोडलीत," दारातून आवाज आला.

बायको ओल्या हातांनी उभी होती. तिने पुस्तक मास्तरांच्या मांडीवर ठेवलं. "धागा आहे तिथलं वाचा. मोठ्याने."

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. घर बांधणाऱ्याने छताला कठडा करावा. तो नसल्यामुळे कुणी पडलं, तर त्या रक्ताचा दोष त्या घरावर.

"हे... मी वाचलंय," गवंडी पुटपुटला.

"वाचलंत ना? गोंड्यांचंही वाचलंत. गोंडे मी शिवायचे होते, ते लगेच झाले. पातेली माझी होती, ती लगेच गेली. तुमच्या हाताने करायचं तेवढं राहिलं. माझी आई आत्ता वर आहे."

"चारचौघांत तमाशा करू नकोस."

"करणार. तुमचा धर्म तरी चारचौघांतच असतो ना?"

"बाई, आज शब्बाथ," मास्तर म्हणाले. "उद्या तो नक्की..."

"मग उद्यापर्यंत पडू नकोस, असं तुम्हीच सांगा तिला."

गवंड्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो उठून परसात गेला, वीट उचलायला वाकला आणि तसाच थांबला. सूर्य अजून चांगला दोन कासरे वर होता. काम म्हणजे काम. विटेला हात न लावता तो जिना चढला. बायको मागोमाग गेली. तिचं बोलणं संपलं नव्हतं.

वर आई चादर झटकत होती. गवंडी तिच्या पाठीमागे, अगदी कडेला, तोंड आत करून उभा राहिला. दोन पावलं मागे सरताच आईची पाठ त्याच्या छातीला लागली.

"कोण ते? जावईबापू? बाजूला व्हा, मला काम आहे."

"नाही, आई."

"अहो, मध्येच कशाला कडमडलात?"

"तुमच्या मागे कठडा नाही, आई. मी बांधला नाही."

आई काहीतरी पुटपुटत पुढच्या चादरीकडे वळली. ती सरकेल तसा तोही कडेकडेने सरकू लागला. टाचा अर्ध्या कडेबाहेर होत्या. मान वळवून खाली पाहायची त्याची छाती झाली नाही.

बायकोच्या ओठांवर आलेलं बोलणं तिथेच राहिलं. दया मात्र तिला आली नाही. दोन वर्षं ही भीती तिने एकटीने सोसली होती. आईला खाली न्यावं, असं एकदा तिच्या मनात आलं. तिने नेलं नाही. ती जिन्याच्या तोंडाशी बसली.

दर शनिवारी हा सूर्य बुडत कसा नाही, म्हणून ती चडफडायची. आज टोपलीत अजून अकरा चादरी होत्या, आणि तिला मुळीच घाई नव्हती.