दुसऱ्यांदा वाजलेले राष्ट्रगीत

मित्रांनो, मी एक जुना ड्रम आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. गोड बोलणे ऐकायचे असेल तर बासरीकडे जा. मी आयुष्यभर मार खाल्ला आणि प्रत्येक माराला तिथल्या तिथे उत्तर दिले.

सध्या माझा मुक्काम नगरपालिकेच्या गोदामात आहे. माझ्या डोक्यावर एक मोडका पंखा ठेवला आहे. एका बाजूला तीन पायांच्या खुर्च्या, दुसऱ्या बाजूला जुन्या मतपेट्या. आपापले काम उरकले की माणसे ज्यांना विसरून जातात, ती सगळी मंडळी इथे सुखाने नांदते.

माझा जन्म वाद्यांच्या एका लहानशा कारखान्यात झाला. एका म्हाताऱ्या कारागिराने लाकडाची पातळ फळी वाफेवर वाकवून माझे गोल अंग घडवले. वर आणि खाली कातडे ताणले, पितळी स्क्रू आवळले आणि खालच्या कातड्याला बारीक तारांची पट्टी लावली. त्या तारांमुळे माझा आवाज नुसता ढबढब येत नाही, तडतडीत येतो. बाजूला एक खटका आहे. तो खाली ओढला की तारा सैल पडतात आणि माझी वाचाच बसते. हा खटका लक्षात ठेवा.

नगरपालिकेच्या बँडमध्ये मी दाखल झालो तेव्हा सगळ्यांनी माझ्या पितळी कडांवरून हात फिरवला. बँडमधली माणसे एरवी पालिकेचीच नोकरी करत. मला वाजवणारा दिवसभर नळ दुरुस्त करायचा आणि कार्यक्रम असला की हात पुसून काड्या धरायचा. त्याला सगळे काडीवाला म्हणत. बँडच्या पुढे मास्तर उभे राहत. मास्तर म्हणजे अत्यंत सज्जन माणूस. इतका सज्जन की कोणीही दटावावे.

माझे एक खास काम होते. राष्ट्रगीत सुरू होण्याआधी मी घुमायचो. काडीवाला दोन्ही काड्या कातड्यावर अशा नाचवायचा की बारीकशी थरथर वाढत वाढत भिंतीपर्यंत जायची. उठा, राष्ट्रगीत येते आहे, असा तिचा अर्थ. खुर्च्या सरकत, गप्पा थांबत, पोट सुटलेले अधिकारीसुद्धा पोट आत घेत. मग कर्णे वाजू लागत. एवढ्या माणसांना एका दमात उभे करतो याचा मला माज होता, असे म्हणा हवे तर.

हे सुखाने चालले होते, तोवर साहेब आले. साहेब म्हणजे पालिकेतल्या सत्ताधारी गटाचे पुढारी. मी त्यांना मनातल्या मनात छातीवाले म्हणायचो. राष्ट्रगीत लागले की ते हात छातीवर ठेवत आणि छाती इतकी फुगवत की मला त्यांच्या कोटाच्या बटणाची काळजी वाटे. देशाविषयी ते इतके बोलत, की देशाला मधे एक शब्द बोलायची सोय नव्हती. वेळेवर येणे मात्र त्यांना जन्मात जमले नाही. त्यांनी बँडला नवे गणवेश करवले आणि त्या बदल्यात माझ्या पोटावर ‘साहेबांच्या सौजन्याने’ अशी लाल अक्षरे रंगवून घेतली. मला कोणी विचारले नाही. माझ्या अंगाची तेव्हा जी आग झाली ती अजून शमलेली नाही.

विरोधी बाकावर एक नगरसेविका बसायच्या. पूर्वी त्या परिचारिका होत्या, म्हणून गावभर त्यांना नर्सबाई म्हणत. बाई तोंडाने फटकळ. नळाला पाणी नाही आणि बँडला नवे कपडे कशाला, असे त्यांनी भर सभेत विचारले होते. हा बँडच मोडीत काढा, असेही सुचवले होते. त्या दिवशी काडीवाल्याने सगळा राग माझ्यावर काढला. मीही जोरात साथ दिली. नर्सबाईंचे नाव निघाले की आम्हा दोघांचे डोके तडकायचे.

आता खरी गोष्ट सांगतो.

नव्या दवाखान्याचे उद्घाटन होते. या दवाखान्यासाठी मागे लागून नर्सबाईंनी सगळ्यांच्या डोक्याला भरपूर ताप दिला होता. साहेब नेहमीप्रमाणे उशिरा येणार होते. पाहुणे ताटकळले होते, म्हणून पालिकेच्या अध्यक्षांनी ठरल्या वेळी कार्यक्रम सुरू केला. मी घुमलो, लोक उठले, राष्ट्रगीत झाले. नर्सबाई आमच्या अगदी शेजारी पहिल्या रांगेत होत्या. त्यांचे गुडघे कामातून गेलेले, तरी खुर्चीची पाठ घट्ट धरून त्या शेवटपर्यंत ताठ उभ्या राहिल्या. मांडव तेव्हा अर्धाच भरला होता आणि कॅमेरेवाले आले नव्हते. ते साहेबांबरोबर यायचे.

साहेब आले. राष्ट्रगीत होऊन गेले हे कळल्यावर त्यांचा चेहरा पडला. देशाचे गीत आपल्यावाचून कसे झाले, असा तो चेहरा होता. त्यांनी मास्तरांना बोट दाखवले आणि पुन्हा वाजवायला सांगितले. मास्तरांनी मान डोलावली. काडीवाल्याने माझ्यावर काड्या टेकवल्या, आणि मी पुन्हा घुमलो. लोक एकमेकांकडे बघत उठले.

नर्सबाई उठल्या नाहीत. त्यांनी पाण्याचा पेला तोंडाला लावला आणि आम्हाला ऐकू येईल एवढ्याच आवाजात म्हणाल्या, “देशासाठी मी आत्ताच उभी राहिले. यांच्या फोटोसाठी राहणार नाही.”

काडीवाल्याला ते मुळीच आवडले नाही. मलाही आवडले नाही. उठायला हवे होते, असेच माझे मत होते आणि अजूनही आहे. पण मी आणखी एक गोष्ट पाहिली. राष्ट्रगीत चालू असताना साहेबांची मान हळूच मागे वळली. त्यांना बसलेल्या बाई दिसल्या. त्यांनी भुवईने कॅमेरेवाल्याला खूण केली आणि मग मान पुन्हा सरळ करून छाती फुगवली.

दुसऱ्या दिवशी ते चित्र घरोघरी पोचले. पुढे पुतळ्यासारखे साहेब, मागे बसून पाणी पिणाऱ्या नर्सबाई. साहेब चौकाचौकात विचारू लागले, ज्यांना देशासाठी उठता येत नाही त्यांना पालिकेत बसायचा हक्क काय? कोणीतरी बाईंच्या दारावर काळा रंग ओतला. ज्या घरांत त्यांनी रात्रंदिवस आजारपणे काढली होती, त्या घरांनी खिडक्या लावून घेतल्या. राष्ट्रगीत आधी झाले होते आणि मी उभी होते, असे बाईंनी सांगून पाहिले. त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. जे तिथे होते त्यांच्या तोंडाला कुलूप लागले. बाईंना सभागृहातून काढून टाकायचा ठराव पुढच्या सभेत यायचा होता आणि साहेबांकडे मते भरपूर होती.

साहेबांचा माणूस मास्तरांना भेटून गेला. राष्ट्रगीत एकदाच वाजले होते, एवढे ध्यानात ठेवा, असे त्याने बजावले. मास्तरांनी ध्यानात ठेवले.

त्या आठवड्यात काडीवाल्याने मला कातडे बदलायला घरी नेले होते. तो ओट्यावर बसून माझे स्क्रू आवळत होता. त्याची बायको शेजारी गणवेशाचे बटण लावत होती. नर्सबाई तिच्याही लाडक्या नव्हत्या.

“त्या बसल्या होत्या, हे खरं ना?” तिने विचारले.

“खरं आहे. डोळ्यांनी पाहिलंय मी.”

“आणि त्याआधी?”

काडीवाल्याने एक स्क्रू गरजेपेक्षा जास्त आवळला. मला दुखले. “त्याआधी उभ्या होत्या,” तो म्हणाला.

“मग अर्धंच काय सांगत फिरता? अर्धं तर साहेबसुद्धा सांगतायत.”

 पुढे बराच वेळ तो माझ्या पोटावरच्या लाल अक्षरांकडे बघत बसला.

सभेचा दिवस उजाडला. सभागृह खचाखच भरले होते. सभा राष्ट्रगीताने सुरू करायचा नियमच होता आणि साहेबांचा पत्ता नव्हता. मी घुमलो, राष्ट्रगीत झाले. नर्सबाई बाकाला धरून उभ्या होत्या.  सगळे बसले, आणि दार उघडून साहेब कॅमेऱ्यांसकट आत आले.

अध्यक्ष त्यांच्या कानाला लागले. साहेबांनी हाताने त्यांना बाजूला सारले. “पुन्हा होऊ द्या,” ते मोठ्याने म्हणाले. “आज सगळ्यांना बघू दे, बाई उठतात का.” आणि कॅमेऱ्याकडे तोंड करून त्यांनी हात छातीवर ठेवला.

मास्तरांनी छडी उचलली. कर्णेवाल्यांनी कर्णे ओठांना लावले. सगळे माझी वाट बघत होते, कारण माझ्याशिवाय सुरुवात होत नाही. तेव्हा काडीवाल्याने माझा खटका खाली ओढला. खट् असा आवाज झाला. माझ्या तारा सैल पडल्या. त्याने दोन्ही काड्या खिशात घातल्या.

“राष्ट्रगीत झालंय, साहेब,” तो म्हणाला. “आज झालंय, तसं त्या दिवशीही तुम्ही यायच्या आधीच झालं होतं. बाई तेव्हा उभ्या होत्या. मी दोनदा वाजवलं, म्हणून मला माहीत आहे.”

साहेब छातीवर हात ठेवून तसेच उभे राहिले. काहीच वाजत नव्हते. हात काढावा की ठेवावा, हे त्यांना उमजेना. कॅमेरे चालूच होते. मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसले, मग दुसरा हसला, आणि शेवटी त्यांच्या गटातल्यांनीही खाली मान घालून तोंडावर रुमाल धरले.

ठराव त्या दिवशी आला नाही, नंतरही आला नाही. काडीवाल्याला मात्र साहेबांनी सोडले नाही. पुढच्या सभेत बँड बंद करायचा ठराव आला. त्याच्या बाजूने सगळ्यात आधी हात कोणी वर केला असेल? नर्सबाईंनी. मला वाटले, आता हिला काय म्हणावे!

मला गोदामात आणून टाकले त्या दिवशी बाई तिथे आल्या. काडीवाला माझ्यावर जुने पोते पांघरत होता.

“बँडबद्दलचं माझं मत बदललेलं नाही,” बाई म्हणाल्या.

“माझंही तुमच्याबद्दलचं नाही,” तो म्हणाला. “तुम्ही उठायला हवं होतं.”

 बाईंनी पिशवीतून घासकागद काढला, त्याच्या हातात दिला आणि माझ्या पोटाकडे बोट दाखवून गुडघे सावरत निघून गेल्या. काडीवाल्याने लाल अक्षरे एकेक करून घासून काढली. माझे साल निघाले, पण इतके बरे मला कारखान्यातून निघाल्यावर कधीच वाटले नव्हते.

मित्रांनो, जुन्या वाद्यांची काळजी घ्या. त्यांना ओल लागू देऊ नका, वाजवायचे नसेल तेव्हा त्यांचे कातडे सैल करून ठेवा आणि त्यांच्या अंगावर कोणाचेही नाव रंगवू नका. आणि राष्ट्रगीत लागले की जरूर उभे राहा, अगदी ताठ. शेजारचा उभा आहे की नाही, हे बघायला मात्र मान वळवू नका. मान वळवलीत, तर हललात तुम्हीच.