आतल्या बाजूचे आकडे

मुलीला दुसऱ्या गावी नोकरी लागली आणि आईची गाडी ती घेऊन जाणार असं ठरलं. गाडीचे टायर पार गुळगुळीत झाले होते. घाटाचा रस्ता, त्यात एकटी पोरगी. टायर बदलायचे म्हटल्यावर बापाला दुकान शोधायचा प्रश्नच नव्हता, तिच्या मामाचंच टायरचं दुकान होतं. बायको होती तोवर तिनं साधं पंक्चरसुद्धा दुसरीकडे काढू दिलं नव्हतं.

मेहुण्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, ताईची आठवण काढून डोळेही पुसले. तोवर कामगारांनी चारही टायर चढवून टाकले. काळेभोर, नव्या टायरला असतात ते रबराचे केस तसेच, कंपनीची चिठ्ठी चिकटलेली. भाचीसाठी खास बाजूला काढून ठेवले होते म्हणे.

पण बापाचा सारा जन्म रंगाच्या गोदामात गेला होता. पडून राहिलेला माल पुसून पुढे कसा मांडतात, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. टायर कधी बनला ते त्याच्या एकाच अंगावर असतं, चार आकडे, आठवडा आणि वर्ष. तो गाडीभोवती फिरला. बाहेरून आकडे कुठेच नव्हते. एखाद्या चाकाचे आत गेले असते तर समजण्यासारखं होतं. इथे चारही चाकांचे आत होते.

गाडी अजून जॅकवर होती. तो गुडघे टेकून वाकला आणि मोबाईलचा उजेड पाडला. टायर सहा वर्षांपूर्वीचे होते. आकड्यांच्या बाजूला केसासारख्या बारीक भेगा.

"काढ हे," तो म्हणाला.

मेहुण्यानं आधी कानांवर हात ठेवले, मग कामगारांवर ढकललं, मग माल सावलीत होता, एक दिवस रस्त्याला लागलेला नाही, असं समजावून पाहिलं. काहीच चालेना तेव्हा त्याला रागच आला.

"ताई असती तर अशी झडती घेतली असतीत का, दाजी?"

"ताई असती तर तू हे चढवले असतेस का?"

मेहुणा चहाचे कप गोळा करायला लागला.

"हे बनले तेव्हा ती धडधाकट होती," तो म्हणाला आणि जुनेच टायर परत चढवून घेऊन निघाला.

दुसऱ्या दुकानदारानं खुर्ची दिली नाही की चौकशी केली नाही. आकडे तेवढे बाहेरच्या बाजूला घेतले.

घरी पोचेपर्यंत मामाचा फोन येऊन गेला होता. मुलीनं तोंड फिरवलं. खरं काय ते त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आईकडचं तेवढं एकच दार तिला उघडं राहिलं होतं. तो म्हणाला, साइज जमली नाही.

"आईच्या माणसांशी तुमचं कधी जमलंच नाही, बाबा."

सकाळी तिनं सामान भरलं. गाडी सुरू करून काच खाली केली.

"मामाकडून होऊन जाते. तुमच्या वतीनं माफी मागते."

"माग," तो म्हणाला. "फक्त हवा तिथे भरू नकोस."