पहिल्या घाण्यातली केशरी चकती

मित्रांनो, जरा डोळे मिटा. समोर एक मोठे मैदान आहे असे समजा. ते सपाट नाही. मध्ये चढ आहे, उतार आहे आणि झाडे तर अशी उभी आहेत, जणू कुणी त्यांना वाट अडवायलाच नेमले आहे. त्या झाडांच्या पलीकडे, एका खांबावर, साखळ्यांची टोपली टांगलेली आहे. तुमच्या हातात जेवणाच्या ताटलीपेक्षा लहान, कडेला निमुळती होत गेलेली एक गोल चकती आहे. आता हात मागे न्या, कंबर वळवा आणि सोडा! पलीकडे साखळ्या खळखळल्या की समजायचे, चकती घरी पोहोचली. जितक्या कमी फेकींत ती घरी पोहोचेल, तितके तुम्ही तरबेज. या खेळाला डिस्क गोल्फ म्हणतात.

आता डोळे उघडा, कारण जिला तुम्ही आत्ता फेकलेत ती मीच.

मी एक जुनी चकती आहे. माझा रंग केशरी आहे, म्हणजे एके काळी होता. आता उन्हाने तो पिकलेल्या पानासारखा झाला आहे. माझ्या कडेवर बोट फिरवलेत तर तुम्हाला खाचा लागतील. एकही खाच फुकटची नाही.

आमच्या घराण्याची सुरुवात अगदी साधी. पूर्वी लोक हाताला येईल ते फेकत. डब्यांची झाकणे, केक भाजायच्या पत्र्याच्या थाळ्या, काहीही. नेम धरायला दिव्याचा खांब किंवा झाडाचा बुंधा चाले. मग प्लास्टिकच्या चकत्या आल्या. त्यांची कड जाड आणि बोथट होती. दोन मित्रांनी समोरासमोर उभे राहून झेलाझेली करायला त्या फार गुणी होत्या. पण लांब, वाऱ्याच्या तोंडावर फेकल्या की डोक्यावरून उडालेल्या टोपीसारख्या भरकटायच्या. पुढे कुणाच्या तरी मनात आले की कड निमुळती केली तर चकती वारा कापत जाईल. तिथून आमचे घराणे बदलले. आज कुणी लांब पल्ल्याची असते, कुणी मधल्या अंतराची, तर कुणी टोपलीजवळ अलगद टाकायची. मी मधल्या अंतराची.

माझा जन्म एका गल्लीच्या टोकाला, छोट्या कारखान्यात झाला. तिथे बरण्यांची झाकणे बनत. ज्यांचा तो कारखाना, त्यांना सगळे साचेकाका म्हणत. शेजारच्या घरातली दोन तरुण भावंडे, एक भाऊ आणि त्याची धाकटी बहीण, या खेळाच्या नादी लागली होती. "काका, झाकणं करता ना, मग चकती करायला काय जातंय?" असे म्हणून त्यांनी काकांचे डोके खाल्ले. शेवटी काकांनी पोलादाचा साचा करायला घेतला. ते कड थोडी घासत, एक चकती ओतून बघत, पुन्हा घासत. घासलेले पोलाद परत चिकटवता येत नाही, म्हणून त्यांचा हात फार जपून चाले. मग एके सकाळी साच्याचे दोन भाग तळहातांसारखे मिटले, वितळलेले केशरी प्लास्टिक आत शिरले, थंड पाण्याच्या नळ्यांनी मला गारवा दिला, साचा उघडला आणि मी जगात आले.

माझ्यासोबत आणखी काही जणी आल्या. काका आम्हाला "पहिला घाणा" म्हणत. दुसरा घाणा कधी निघालाच नाही. झाकणांचे काम वाढले, साचा मागच्या खोलीत पडून राहिला आणि गळक्या छपराखाली गंजून गेला. माझ्या बहिणींपैकी कुणी तळ्यात बुडाली, कुणी कुत्र्याच्या दातांखाली गेली. उरलो आम्ही दोघी. एक भावाकडे, एक बहिणीकडे.

भावाचे चष्म्याचे दुकान होते. त्याने माझ्या जुळ्या बहिणीला एकदाही फेकले नाही. त्याला चकत्या जमवायचा छंद लागला होता, आणि जमवणाऱ्या लोकांत न फेकलेल्या, पहिल्या घाण्यातल्या चकतीला मोठा मान असतो. त्याने तिला काचेच्या कपाटात बसवले. सुती हातमोजे घालून तो तिला बाहेर काढी आणि भिंगे पुसायच्या मऊ फडक्याने पुसून परत ठेवी.

त्याची बहीण घरे रंगवायची. तिच्या अंगठ्याला कायम कुठला ना कुठला रंग लागलेला असे, आणि तो माझ्या पाठीवर उतरे. ती त्याच घरात वरच्या मजल्यावर राहायची. तिने मला पहिल्याच दिवशी मैदानावर नेले. नंतर ऊन असो, धुके असो, आमचे जाणे चुकले नाही. दोघा भावंडांची जुंपायची ती यावरूनच.

"दादा, चकती उडवायला असते. तू तर तिला लोण्याच्या गोळ्यासारखी जपतोयस."

"आणि तू काय करतेस गं? धोपटतेस तिला! बघ, तोंड बघ तिचं. कुणी म्हणेल का ही तिची जुळी बहीण आहे?"

"तुझी गोरीगोमटी आहे, पण तिला बाहेरचं जग माहीत नाही."

मला हे बोलणे ऐकायला आवडे. मी आपटत होते, खरचटत होते. पण दर फेकीनंतर एक हात मला उचलायला येतच होता. चिखलात पडले तर ती बाही ओढून मला पुसायची. याहून अधिक काय हवे?

मग एकदा ती शिडीवरून पडली. तिचे मनगट मोडले. माझी पिशवी दारामागच्या खुंटीला अडकली आणि बराच काळ तिथेच राहिली. पिशवीवर धूळ साचली. खोटे कशाला बोलू, त्या दिवसांत मला कपाटातल्या बहिणीचा हेवा वाटला. तिला निदान रोज कुणी बघत तरी होते.

मला खाली काढले ते भावाच्या मुलीने. तिला घरात सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी बसलेली कुणी पाहिली नव्हती. "आत्या, ही कुणाची?" असे विचारत तिने मला हातात घेतले, आणि आत्याचे मनगट पुरते बरे व्हायच्या आधीच आम्ही तिघी पुन्हा मैदानावर हजर झालो.

तिथे लोक मला ओळखत होते. "ही जाते तशी सरळ दुसरी कुठलीच जात नाही, आम्हालाही अशीच हवी," असे म्हणत. कुणी तरी ही गोष्ट साचेकाकांच्या कानावर घातली. काका आता खूप थकले होते. कारखान्यात एकच यंत्र चालू होते, तेही कधीमधी. पण ही मागणी ऐकून ते उठून बसले. "जाता जाता एक साचा करतो," म्हणाले, आणि काठी टेकत आमच्या घरी आले.

"तुझी ती कोरी चकती दे रे. मापं घ्यायची आहेत."

भावाने कपाट उघडले आणि तान्हे मूल द्यावे तसे दोन्ही हातांनी तिला त्यांच्याकडे दिले.

"आजोबा, ही पण घ्या ना," भिंगरीने मला पुढे केले.

काकांनी मला उजेडात धरले, कडेवर नख फिरवले आणि हसले. "हिचं मूळ रूप काही उरलं नाही, पोरी. मापं खऱ्या चकतीची घ्यावी लागतात."

मला वाईट वाटले. पण त्यांचे म्हणणे सगळ्यांनाच पटले. मलासुद्धा पटले.

काकांनी हिवाळाभर त्या साच्यावर काम केले आणि नव्या चकत्या ओतल्या. हिरव्यागार, चकचकीत. ज्या सकाळी त्या मैदानावर आल्या, त्या सकाळी काका इस्त्रीचा सदरा घालून आले होते. भावाने हातमोजे चढवून आपली कोरी चकतीही डब्यात घालून मिरवायला आणली होती. आत्याने पहिली हिरवी चकती घेतली, कंबर वळवली आणि सोडली.

ती निघाली झोकात. पण वेग जरा मंदावला तशी डावीकडे कलली आणि काटेरी झुडपात जाऊन पडली. आत्याने दुसरी फेकली. तीही डावीकडेच. मग एका बस चालवणाऱ्या खेळाडूने फेकून बघितली, त्याच्या बायकोने बघितली. सगळ्या त्याच झुडपात.

"आत्या, तुझी टाक ना," भिंगरी म्हणाली. आत्याने मला फेकले आणि मी नेहमीसारखी सरळ गेले. मित्रांनो, त्या दिवशी मी सरळ गेले नसते तर बरे झाले असते, कारण काकांचा चेहरा उतरलेला मी परत येताना पाहिला.

"ही ती नव्हे, काका," बस चालवणारा हळूच म्हणाला.

"दिसतंय मला," काका म्हणाले. "डोळा गेला माझा. हातही गेला. इतकी वर्षं झाकणं केली, कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच. उद्याच भंगारवाल्याला बोलावतो. साचा देतो, यंत्र देतो, किल्ली लावतो आणि बसतो घरी."

"काका, असं काय करताय?" आत्या म्हणाली.

"अगं, ज्या हाताला आपलीच चकती पुन्हा करता येत नाही, तो हात यंत्रावर ठेवायचा कशाला?"

 तेव्हा भिंगरीने वडिलांच्या डब्याकडे बोट दाखवले.

"बाबा, तुमची चकती कशी उडते?"

"ती उडत नाही, बाळा. ती ठेवायची आहे."

"म्हणजे ती कशी उडते ते कुणालाच माहीत नाही?"

 भावाने डबा छातीशी धरला होता. तो एकदा काकांकडे बघे, एकदा डब्याकडे. ती एकदा जमिनीला लागली की न फेकलेली राहणार नव्हती, आणि जगात तशी दुसरी नव्हती. आत्या त्याला चांगली ओळखत होती. "राहू दे, दादा," ती म्हणाली. "दुसरं काही तरी करू."

भावाने एकेक करून हातमोजे काढले. डबा उघडला. उघड्या बोटांनी तिला धरून बहिणीपुढे केले.

"टाक."

"अरे, ओरखडा पडेल."

"पडू दे. टाक म्हणतोय ना, नाहीतर माझा विचार बदलेल!"

आत्याने तिला फेकले. ती कोरी, कधीच न उडालेली माझी बहीण काय डौलात निघाली म्हणून सांगू! आणि वेग मंदावताच ती डावीकडे कलली आणि थेट त्याच काटेरी झुडपात, हिरव्या चकत्यांच्या शेजारी जाऊन पडली.

काका काठी विसरून झुडपापर्यंत गेले. काटे लागले तरी त्यांनी ती कोरी चकती आणि एक हिरवी ओढून काढली, कडेला कड लावली आणि बघत राहिले.

"तश्शी आहे," ते म्हणाले. "अगदी तश्शी उतरलीय."

आत्या कपाळावर हात मारून हसायला लागली. "आत्ता आठवतंय! पहिला अख्खा उन्हाळा मी माझ्या चकतीला रोज बोल लावायचे. सारखी डावीकडे पळायची. कधी सरळ जायला लागली ते कळलंच नाही मला."

"झाडांना आपटून कड झिजली, तशी वळायची सोडून सरळ जायला लागली," काका म्हणाले आणि त्यांनी मला मागून घेतले. या वेळी ते कितीतरी वेळ माझ्या खाचा चाचपत होते. "मी अर्धीच चकती केली होती तर! उरलेली तू केलीस."

"मी कुठली, काका? झाडांनी."

"बरं, झाडांनी. भंगारवाला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा."

भावाने आपली चकती हातात घेतली. तिच्या कडेवर काट्याचा लांब ओरखडा होता. त्याने खिशातून मऊ फडके काढून तिला पुसले, ओरखडा पुन्हा पाहिला आणि बहिणीला म्हणाला, "आता मीच टाकतो एकदा. शोभेला ठेवली तेवढी पुरे." त्याची फेक इतकी वाईट होती की भिंगरी हसून गवतावर लोळली.

मित्रांनो, मी आता थकले आहे आणि माझे मन भरून आले आहे. काकांनी मला कड दिली, आत्याने वारा दाखवला, झाडांनी वळण लावले. कपाटाचेही मी उपकार मानते. भावाने माझ्या बहिणीला इतकी वर्षे जपले नसते, तर काकांचा हात खरा होता हे कुणाला कधीच कळले नसते. म्हणून एवढेच सांगते. वस्तू जपा. कपाटात ठेवून जपा, नाहीतर वापरून जपा. पण वापरलीत तर पडल्या जागी सोडून जाऊ नका. उचला, पुसा, घरी आणा.

निघायच्या वेळी आत्याने मला भिंगरीपुढे धरले. "घे, आजपासून तुझी. ही बिचारी सरळ जाते, तुला त्रास देणार नाही."

भिंगरीने मला घेतले, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि मला परत आत्याच्या हातात ठेवले. मग झुडपातून आणलेल्या हिरव्या चकत्यांतली एक निवडून ती म्हणाली, "आत्या, तू हिला सगळ्यात जास्त कुठल्या झाडावर आपटलंस?"

आत्याने खरखरीत सालीचे, वाटेत मधोमध उभे असलेले एक झाड दाखवले. भिंगरीने त्याच्यावर नेम धरून चकती फेकली. चकती डावीकडे गेली आणि काट्यांत पडली. भिंगरी धावत गेली, तिने चकती ओढून काढली, फुंकर मारून माती उडवली आणि पुन्हा फेकायला रेषेवर येऊन उभी राहिली.